शंभरात एकशेदहा

ठोकळेबाई आमच्या कारखान्यात आल्या तेव्हा त्यांना पाहून मी नाक मुरडलं, यात विशेष काही नाही. मी सगळ्यांनाच पाहून नाक मुरडतो. हजेरी कारकुनाला ती सवय लागतेच. रोज सकाळी तीनशे माणसं खिडकीसमोरून जाणार, त्यातली तीस उशिरा येणार आणि तीसच्या तीस जण तोंडावर खोटं बोलणार. पाच वर्षांत माणूस या प्राण्यावरचा विश्वास उडतो. मला तर बारा वर्षं झाली होती.

कारखाना लोखंडी नळ्यांचा. लांबच लांब शेड, दोन्ही भिंतींवर रूळ आणि त्या रुळांवर डोक्यावरून धावणारी क्रेन. नळ्यांचा गठ्ठा साखळीने बांधायचा, हुकाला अडकवायचा आणि उचलून दुसऱ्या टोकाला रचायचा. क्रेनच्या केबिनमध्ये बसायचे माझे भाऊजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान. चोवीस वर्षं वर बसून त्यांना 'घार' हे नाव पडलं होतं आणि ते त्यांना आवडायचं. जमिनीवरच्या माणसांबद्दल ते अशा सुरात बोलायचे की वाटावं, शिडी उतरली तरी हा माणूस काही खाली आलेला नाही. मला नोकरी त्यांनीच लावून दिली होती, आणि वर्षातून दोनदा तरी चारचौघांत ते मला याची आठवण करून द्यायचे.

क्रेनखाली उभा राहून हाताने आणि शिट्टीने खुणा करणारा जो होता, त्याला सगळे शिट्टीच म्हणत. वेल्डिंगवाल्याचं नाव कायदा, कारण चहा गार मिळाला तरी तो कुठलं तरी कलम काढायचा. या दोघांनी मिळून मॅनेजरला एक पत्र दिलं होतं. क्रेनवर झेपण्यापेक्षा जास्त वजन आलं की ती आपोआप थांबावी म्हणून एक स्विच असतो. तो वर्षभर तार जोडून निकामी करून ठेवला आहे, तो दुरुस्त करा, एवढीच मागणी. पत्राची प्रत कामगार अधिकाऱ्याला.

मॅनेजरबद्दल काय सांगू? उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ असतात, हा उंटसुद्धा दुसऱ्याला धरायला लावायचा. त्याच्या टेबलामागे जाडजाड पुस्तकांची रांग होती आणि त्यातल्या निम्म्यांवरचं प्लास्टिकही निघालेलं नव्हतं. दोन दिवसांच्या कसल्याशा शिबिराला जाऊन आला आणि 'माणसाचा स्वभाव आता शास्त्रीय पद्धतीने मोजता येतो' असं जो भेटेल त्याला सांगू लागला. त्याला मोजायचं काहीच नव्हतं. कायदा आणि शिट्टी यांना घालवायचं होतं. पण 'स्विच मागितला म्हणून काढलं' असं कागदावर लिहिता येत नाही. 'भांडखोर स्वभाव, कामास अयोग्य' असं लिहिता येतं, आणि ते एखाद्या तज्ज्ञाच्या नावावर लिहिलं तर विचारायलाच नको.

म्हणून ठोकळेबाई आल्या. मानसशास्त्रीय चाचण्या घेणं हा त्यांचा व्यवसाय. पन्नाशीच्या, अंगाने बारीक, आवाज इतका हळू की आमच्या कारखान्यात त्यांचं निम्मं बोलणं यंत्रंच ऐकायची. पेटीतून पहिल्याच दिवशी त्यांनी लाल-पांढरे लाकडी ठोकळे काढले आणि संध्याकाळपर्यंत त्यांचं बारसं झालं. मॅनेजरने मला त्यांच्या दिमतीला दिलं. दिमतीला म्हणजे पाळतीवर. कँटीनशेजारची सामानाची खोली रिकामी केली, एक टेबल, दोन खुर्च्या आणि कोपऱ्यात माझ्यासाठी एक स्टूल.

सुरुवातीलाच बाईंनी मॅनेजरला विचारलं की चाचण्या कशासाठी हव्या आहेत. चांगली माणसं निवडायला, तो म्हणाला. कुठल्या कामाला चांगली, बाईंनी विचारलं. यावर त्याने चहा मागवला. चहा येईपर्यंत बाईंनी त्याला शिकवणी दिली. चाचणी म्हणजे माणसाच्या वागण्याचा एक लहानसा तुकडा, चिंधीवरून ठाण ओळखावं तसा. सगळ्यांना तेच प्रश्न, तेच शब्द, तेवढाच वेळ, आणि मग ते काम करणाऱ्या पुष्कळ माणसांशी ताडून बघायचं. पण चिंधी ज्या ठाणाची त्याच्याबद्दलच बोलायचं. क्रेनवाल्याचं लक्ष किती टिकतं हे मोजायची चाचणी आहे. नकोशा माणसाला नकोसा ठरवायची चाचणी त्यांच्या पेटीत नाही. मॅनेजर मोठ्याने हसला, त्याला तो विनोद वाटला. मग त्याने बाईंच्या अटींच्या कागदावर न वाचता सही ठोकली. त्यात लिहिलं होतं की मूळ उत्तरपत्रिका बाईंकडे राहतील आणि ज्याने चाचणी दिली त्याला त्याचा निकाल बाई स्वतः समजावून सांगतील. मी वाचलं होतं. मी बोललो नाही. मला कोणी विचारलं नव्हतं.

क्रेनवरचे, क्रेनखालचे आणि वेल्डिंगचे मिळून बावीस जण. आधी दीडशे वाक्यांचा कागद, प्रत्येकापुढे हो किंवा नाही. मग ठोकळ्यांची नक्षी. मग ओळीच ओळी चिन्हांनी भरलेला कागद, त्यातलं एकच चिन्ह शोधून खोडत जायचं. शेवटी एक अर्धगोल पट्टी, तिच्यावर डावीकडून उजवीकडे छोटे दिवे. समोरच्या खुणेवर नजर ठेवायची आणि कुठलाही दिवा लागला की बटण दाबायचं, अर्धा तास. बावीस बाप्ये त्या खोलीत आले आणि बहुतेकांनी बाईंची टर उडवली. एकाने ठोकळ्यांचं घर बांधून दाखवलं. कायद्याने दीडशे वाक्यांपैकी अकरांच्या भाषेवर हरकत घेतली. शिट्टी तेवढा सगळं मुकाट्याने करून गेला. तो घामाघूम झाला होता.

भाऊजी आले ते हात मागे बांधून. "पोरांचे खेळ मांडलेत बाई तुम्ही," म्हणाले. ठोकळे त्यांनी झपाट्याने लावले आणि माझ्याकडे बघून भुवई उडवली. दिव्यांच्या वेळी मध्येच जांभई दिली. बाई कागदावर रेघा मारत राहिल्या.

आठवड्याने बाईंनी अहवाल आणून दिला. मॅनेजरने तो वाचला, हे त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं, कारण वाचताना त्याला ओठ हलवावे लागतात. कायदा आणि शिट्टी यांच्याबद्दल लिहिलं होतं की लक्ष उत्तम, सूचना काटेकोर पाळतात, आणि स्वभावाच्या प्रश्नावलीवरून कोणालाही कामावरून काढण्याचा निर्णय घेऊ नये, ती त्यासाठी बनलेलीच नाही. आणि क्रेनवाल्याबद्दल लिहिलं होतं की डाव्या बाजूचे दिवे त्याच्या हातून फार सुटले. कारण चाचणी सांगू शकत नाही. डॉक्टरांनी तपासेपर्यंत त्याने क्रेनवर बसू नये.

म्हणजे जे हवं होतं त्याच्या बरोबर उलट. घार हा मॅनेजरचा लाडका. कितीही वजन अडकवा, हा माणूस हूं की चूं न करता उचलायचा. बंद स्विचबद्दल ओरडणाऱ्यांना 'पाय जमिनीवर असूनही लटपटणारे' म्हणायचा. त्याला खाली उतरवायचं म्हणजे स्विचवाल्यांचं खरं करण्यासारखं. मॅनेजरने अहवाल खणात टाकला आणि बाईंना निकाल समजावून सांगायला परवानगी दिली. सही केली होती, करतो काय? मला मात्र बजावलं की बाई काय बोलतात ते शब्दन् शब्द येऊन सांग.

भाऊजींची पाळी तिसरी होती. बाईंनी त्यांच्यापुढे कागद ठेवला आणि सरळ सांगितलं. उजवीकडचे चाळीस दिवे लागले, तुम्ही एकोणचाळीस पकडले. डावीकडचे चाळीस लागले, तेवीस पकडले.

"तुमचा बल्ब गेला असेल," भाऊजी म्हणाले.

बाई म्हणाल्या, शक्य आहे, म्हणून तर पुन्हा बघू. त्यांनी पट्टी मांडली आणि आधी मला बसवलं. मी पाच मिनिटं बटण दाबलं. डावे, उजवे, सगळे दिवे दिसले. काही अवघडच नव्हतं. मग भाऊजी बसले आणि मी त्यांच्या मागे उभा राहिलो. डावीकडचा कडेचा दिवा लागला. भाऊजींचा अंगठा बटणावर तसाच. दिवा विझला. पुन्हा लागला, पुन्हा विझला. ते समोर बघत होते, ऐटीत, जांभई न देता, आणि पूर्ण जीव लावून. सहा वेळा दिवा लागून गेला आणि त्यांना पत्ता नव्हता.

बाईंनी यंत्र बंद केलं आणि किती सुटले ते सांगितलं. भाऊजींनी आपल्या अंगठ्याकडे बघितलं.

"चार महिन्यांपूर्वी," ते म्हणाले, "शिट्टी डाव्या बाजूला उभा राहून हात हलवत होता. मला दिसलाच नाही. त्याने उडी मारली म्हणून वाचला."

"त्याने कुणाला सांगितलं नाही?" बाईंनी विचारलं.

"नाही. मीही नाही. संध्याकाळी मी त्यालाच शिव्या दिल्या, जागा सोडून उभा राहिलास म्हणून."

बाईंनी त्यांना दिलासा वगैरे काही दिला नाही. एवढंच म्हणाल्या की ही डोळ्याची गोष्ट असेल किंवा डोक्याची, माझं यंत्र फक्त दार वाजवतं, दार उघडायचं काम डॉक्टरचं. आणि डोळ्यांच्या दवाखान्याच्या नावाने चिठ्ठी दिली. भाऊजी बाहेर जाताना दाराच्या डाव्या चौकटीला त्यांचा खांदा घासला. ताई गेले कित्येक महिने म्हणत होती की यांना घरात चालायची घाई झालेली असते, सारखे कशाला तरी धडकतात.

आता माझं सांगतो. मी त्या खोलीतून निघालो तो थेट मॅनेजरकडे गेलो आणि शब्दन् शब्द सांगितला. शिट्टीच्या उडीसकट. मी घाबरलो होतो असंही नाही. विचारलं की सांगायचं, हे अंगवळणी पडलं होतं, एवढंच. मॅनेजरने दार लावलं, मला संगणकासमोर बसवलं आणि नवा अहवाल सांगायला सुरुवात केली. बाईंच्या अहवालाचं पहिलं पान तेच, शेवटचं सहीचं पानही तेच, मधली पानं नवी. क्रेनवाला: लक्ष अव्वल दर्जाचं. शिट्टी आणि कायदा: भांडखोर, उतावळे, धोकादायक. बाईंनी प्रत्येकापुढे एक आकडा दिला होता, शंभर माणसांत हा किती जणांच्या पुढे आहे तो. मॅनेजरला तसाच आकडा हवा होता. त्याने जरा विचार केला, खुर्चीत मागे रेलला आणि म्हणाला, "भांडखोरपणा, एकशेदहा."

मी एकशेदहा टाईप केलं. दोघांपुढेही. माझी बोटं थांबली नाहीत, हे मला चांगलं आठवतं. माझ्याच बहिणीचा नवरा उद्या अर्धी शेड न दिसता वर बसणार, आणि खाली जो कोणी उभा असेल त्याच्या डोक्यावर नळ्या झुलणार, हे मला त्या इमारतीत सगळ्यात जास्त ठाऊक होतं. मी परिच्छेदाची डावी कड सरळ आली का ते बघत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कायदा आणि शिट्टी यांना नोटिसा मिळाल्या. आणि भाऊजी क्रेनवर चढले नाहीत. शिडीच्या पहिल्या पायरीवर बसून राहिले. शेड थांबली. मॅनेजर स्वतः खाली आला, नवा अहवाल हातात, मी त्याच्या मागे. त्याने सगळ्यांसमोर वाचून दाखवलं की घारीचं लक्ष अव्वल आहे, तज्ज्ञ बाईंनीच लिहिलंय, तेव्हा नाटकं पुरे.

भाऊजींनी कागद मागून घेतला. डोकं डावीकडे वळवून वळवून वाचला. सगळा.

"हे बाईंनी लिहिलेलं नाही," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघितलं. "तू टाईप केलंस?"

मी म्हणालो, साहेबांनी सांगितलं.

त्यांनी मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं पाहिलं. वरून, केबिनमधून जमिनीवरच्या माणसाकडे पाहायचे तसं. आयुष्यात पहिल्यांदा त्या नजरेला मी लायक होतो. मग त्यांनी क्रेनची किल्ली मॅनेजरच्या हातात ठेवली आणि म्हणाले, एवढं अव्वल असेल तर तुम्ही चढा, मी खाली उभा राहतो. मॅनेजर चढला नाही. शेडमधून कोणीच चढलं नाही.

कायदा अर्थातच कामगार अधिकाऱ्याकडे गेला. त्याच्या आयुष्यातला तो सोन्याचा दिवस असावा, पहिल्यांदाच त्याचं कलम लागू पडत होतं. पंधरा दिवसांनी अधिकाऱ्याच्या खोलीत आम्ही सगळे बसलो. मॅनेजर, मी, ते दोघे आणि ठोकळेबाई, मांडीवर मूळ उत्तरपत्रिकांचं गाठोडं घेऊन. अधिकारी कंटाळलेला होता. त्याने कारखान्याने सादर केलेला अहवाल बाईंकडे सरकवला आणि विचारलं, हा तुमचा का?

बाईंनी पानं उलटली. मधल्या पानावर थांबल्या. मग त्यांनी अधिकाऱ्याला विचारलं, तुमच्या वर्गात शंभर मुलं असतील तर एखादं मूल जास्तीत जास्त किती मुलांच्या पुढे असू शकतं?

"नव्याण्णव," अधिकारी म्हणाला.

"यांच्या कारखान्यात एकशेदहा," बाई म्हणाल्या. "शंभरातली."

शिट्टी पहिला हसला. मग अधिकारीसुद्धा. मॅनेजरला काय चुकलं हे अजून समजलं नव्हतं. तो एका तोंडाकडून दुसऱ्या तोंडाकडे बघत राहिला. अखेर आपण फसलोय एवढं त्याच्या लक्षात आलं तेव्हा त्याने हात वर करून माझ्याकडे बोट दाखवलं. टायपिस्टची चूक आहे, म्हणाला. याला साधे आकडेसुद्धा धड टाईप करता येत नाहीत.

मी आजवर या प्रसंगाबद्दल बरंच कौतुक ऐकलं आहे. सत्यासाठी उभा राहिला, बहिणीच्या घराला जागला, वगैरे. सगळं खोटं. मी उठलो तो चिडून उठलो. बारा वर्षांत माझ्या टायपिंगमध्ये कोणी काना-मात्रेची चूक दाखवली नव्हती. त्या माणसाने, ज्याला वाचताना ओठ हलवावे लागतात, त्याने माझ्या टायपिंगला नावं ठेवावीत? मी म्हणालो, आकडा साहेबांनी सांगितला. मधली चारही पानं साहेबांनी सांगितली. तारीख, वेळ, दार कोणी लावलं, सगळं सांगितलं. मूळ अहवाल खणात कुठे आहे तेही सांगितलं. भाऊजींच्या डोळ्यांसाठी किंवा शिट्टीच्या डोक्यासाठी जे तोंड उघडलं नव्हतं, ते टायपिंगच्या अब्रूसाठी उघडलं.

बाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं. त्यांना कळलं होतं, असं मला वाटतं. त्यांचा धंदाच तो.

पुढे जे व्हायचं ते झालं. दोघांच्या नोटिसा मागे घेतल्या. स्विच दुरुस्त झाला, त्याला अर्धा दिवस लागला. मॅनेजरची बदली झाली, ती कंपनीच्या मोठ्या कारखान्यात, मोठ्या खुर्चीवर, कारण वरचे लोकही पुस्तकांवरचं प्लास्टिक न काढणारेच आहेत. ठोकळेबाईंना आमच्या कंपनीने पुन्हा कधी बोलावलं नाही. जाताना त्या माझ्याकडून गेट पासवर शिक्का मारून घेऊन गेल्या, 'धन्यवाद' म्हणाल्या, बाकी काही नाही.

भाऊजींना काचबिंदू निघाला. डाव्या डोळ्याची बाहेरची बाजू गेलेली, ती परत येणार नाही. उरलेलं थेंबांनी टिकेल, असं डॉक्टर म्हणाले, आणखी वर्षभर कळलं नसतं तर दोन्ही डोळे हातचे गेले असते. आता ते खाली असतात, नवीन क्रेनवाल्यांना शिकवतात आणि जमिनीवरूनही तितक्याच तुच्छतेने बोलतात. शिट्टीची त्यांनी माफी मागितली का, हे मला माहीत नाही. दोघं एकत्र डबा खातात, एवढं दिसतं.

माझ्याशी ते सात महिने बोलले नाहीत. ताईकडे गेलो की ताट समोर यायचं आणि बोलणं तिच्यामार्फत व्हायचं. 'याला सांग', 'त्याला विचार', समोरासमोर बसून. ताई कंटाळून एकदा म्हणाली की तुम्हा दोघांच्या मध्ये मी किती दिवस तार म्हणून लोंबकळू?

मग एकदा दवाखान्याच्या तारखेला तिला ताप होता. भाऊजी चपला घालून दारात उभे राहिले आणि मी उठेपर्यंत वाट बघत राहिले. रस्त्यावर आल्यावर मी सवयीने त्यांच्या उजवीकडून चालायला लागलो. त्यांनी दंडाला धरून मला दुसऱ्या बाजूला ओढलं.

"डावीकडून चाल," म्हणाले. "तेवढा तरी उपयोग होऊ दे तुझा."

तेव्हापासून दर दोन महिन्यांनी जातो. रांग मोठी असते, ते इतर पेशंटांना नावं ठेवतात, मी डॉक्टरांना ठेवतो. वेळ बरा जातो.